जिल्हा न्यायालय स्टेशन: पुणे मेट्रोचं जंक्शन इथेच कशाला?

पेठकर_नंदू
परवा आईला घेऊन वनाजहून मंडईला गेलो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलली. वनाजची लाइन रस्त्याच्या डोक्यावरून जाते आणि स्वारगेटची जमिनीखाली ३३ मीटर, म्हणजे आधी वरून रस्त्यापर्यंत उतरा आणि मग पाताळात. सरकता जिना संपला की पुढे अजून एक, शेवटी आई म्हणाली, अरे विहिरीत नेतोयस का मला? लिफ्ट आहे, पण लिफ्टपाशी सगळे गुडघेवालेच रांगेत. माझं स्पष्ट मत, जंक्शन शिवाजीनगरला हवं होतं. तिथे रेल्वे आहे, एसटी आहे. कोर्टापाशी तारीख असल्याशिवाय कोण जातं?

धान्यगोदाम
कुठली एसटी? ती २०१९ संपता संपता वाकडेवाडीला गेली, अजून तिथेच आहे. आणि कोर्टासमोर आधी काय होतं आठवतंय का, सरकारी धान्य गोदामं! एवढी मोठी सरकारी जागा शहराच्या मध्यात दुसरी कुठे मिळणार होती? शिवाजीनगर स्टेशनपाशी दोन्ही लाइन आणायच्या तर वनाजची गाडी वाकडी करून न्यावी लागली असती.

पेठकर_नंदू
एसटी हलवली कोणासाठी? मेट्रोसाठीच ना! म्हणजे आधी स्टँड उठवायचा आणि मग म्हणायचं तिथे स्टँडच नाही. जागा सोयीची होती हे मान्य, पण ती बांधणाऱ्याच्या सोयीची.

मुठाकाठ
नंदूभाऊ, खोलीबद्दल बोलताय तर पुढचा रस्ता बघा की. इथून निघाली की गाडी लगेच मुठेच्या खालून जाते आणि पलीकडे कसबा, बुधवार, जुने वाडे. नदीखालून जायचं तर बोगदा खोलच जाणार. वरून नेली असती तर पेठांतले रस्ते किती रुंद आहेत ते तुम्हीच सांगा, पेठकर आहात 😀
बरं, वर का खाली हे भांडण आपण पुणेकरांनी काय कमी घातलं का, डीएमआरसीचा, म्हणजे दिल्ली मेट्रोवाल्यांचा, अहवाल २००९ चा आणि भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला! वनाजची लाइन आधी जंगली महाराज रोडवरून दाखवली होती, ती उचलून नदीपात्रात टाकली, मग ते प्रकरण हरित लवादात. तेव्हा जंक्शनच्या जिन्यांवर कोण बोललं होतं? मी पण नाही, खोटं कशाला बोलू.

स्लोलोकल
मला तर ते स्टेशन आवडतं बुवा. छत असं केलंय की ऊन थेट खाली फलाटापर्यंत येतं, भर दुपारी एवढ्या खोल उभं राहून फरशीवर उन्हाचा पट्टा दिसतो. दिल्लीत राजीव चौकला रोज गाडी बदलायचो, तिथे खाली दिवस की रात्र ते घड्याळात बघावं लागायचं.

पेठकर_नंदू
ऊन बघायला मी तिकीट काढत नाही हो.

धान्यगोदाम
😂 पण एक सांगा, १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही लाइन इथे येऊन भेटल्या तेव्हा गाडी पुढे स्वारगेटला जातच नव्हती. तो तुकडा सुरू झाला २९ सप्टेंबर २०२४ ला, तोही २६ ला व्हायचा होता पण पावसाने कार्यक्रम रद्द. म्हणजे पेठांतल्या माणसाला हे जंक्शन कामाला आलं ते तेव्हापासून. एवढ्यात चुकलं म्हणायचं?

पेठकर_नंदू
गाड्या वाढतील हो, जिने थोडेच कमी होणारेत. त्यात हिंजवडीची तिसरी लाइन पण इथेच येऊन संपते. लॅपटॉपवाली सगळी पब्लिक त्याच लिफ्टपाशी.

मुठाकाठ
लॅपटॉपवाल्यांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांना जिन्याने पाठवा. आईंना पुढच्या वेळी अकरानंतर न्या, ऑफिसची गर्दी ओसरलेली असते.

पेठकर_नंदू
आई म्हणतेय रिक्षाने जाऊ.