गौरी लंकेश आठवताना: बडोदेकरांचे अनुभव

५ सप्टेंबर २०१७, अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून दांडिया बाजारात घरी आलो, अजून पायही धुतले नव्हते, तोच टीव्हीवर बातमी: बंगळूरच्या राजराजेश्वरी नगरात कन्नड पत्रकार गौरी लंकेश यांना त्यांच्या घरासमोरच गोळ्या घालून मारलं. वय ५५. मंडळी, तुमच्यापर्यंत त्या कशा पोचल्या ते लिहा. सुरुवात मी करतो.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता, की कर्नाटकात गणपती बसवायचा तर सरकारकडे दहा लाख अनामत भरावी लागते. रागारागाने मी तो चार ठिकाणी पाठवला. पुढे त्यांच्या 'कंड हागे' (म्हणजे 'जसं दिसलं तसं') या सदरातल्या शेवटच्या लेखाचं हिंदी भाषांतर वाचलं. त्यात हाच मेसेज! तो साफ खोटा होता, आणि कुठून निघाला तेही त्यांनी शोधून लिहिलं होतं. हातपाय गार पडले माझे. त्यानंतर खात्री केल्याशिवाय काही पुढे पाठवलेलं नाही.

रावपुरा
मी तेव्हा बंगळूरला नोकरीत. १२ सप्टेंबरच्या निषेध मोर्चाला निघाले, तर आईचा फोन, "जाऊ नकोस गं." मग जरा थांबून म्हणाली, "बरं, जा. पाणी घे बरोबर." सेंट्रल कॉलेजच्या मैदानावर शेजारच्या आजींनी 'नानू गौरी' (मी गौरी) लिहिलेला फलक माझ्या हातात दिला. कन्नडमधले मला नीट कळलेले ते पहिले दोन शब्द.

प्रतापगंज
मला आधी कन्नड विद्वान कलबुर्गी आठवतात. २०१५ मध्ये धारवाडला त्यांचा खून झाला आणि २०१६ मध्ये भाषातज्ज्ञ गणेश देवी सर आपलं बडोदं सोडून धारवाडला राहायला गेले. कलबुर्गी आणि गौरी या दोघांवर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्याचं पुढे तपासात निघालं. तो अहवाल वाचला त्या रात्री झोप लागली नाही.

मांडवी
गौरीताई जाहिराती न घेता साप्ताहिक चालवत, विक्रीवर. त्याची किंमत मला ठाऊक आहे. मी चार वर्षं एक चौपानी काढायचो. एका जाहिरातदाराने सांगितलं म्हणून तुंबलेल्या नाल्याची बातमी ऐनवेळी काढली. तिचं प्रूफ अजून माळ्यावर आहे. परवा खाली काढून बायकोला वाचून दाखवलं.