आज काय खाऊन, पिऊन, नेसून, बघून बरं वाटलं? सांगा

माळ्यावरची ट्रंक
काल दुपारी माळा आवरायला घेतला. पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आईची इरकल निघाली. गर्द हिरवी, लाल पदर, पदरावर पांढऱ्या पट्ट्या. आई जाऊन अकरा वर्षं झाली. ही इरकल वहिनीकडे गेली असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आवरणं तिथंच राहिलं. आधी नेसले. सुताचा तो अंगाला लागणारा गारवा माझ्या नव्या साड्यांपैकी एकीलाही नाही. मग पदर आणि अंग जिथं जुळतं तिथं बोट फिरवलं. इरकलीचा पदर नंतर जोडून शिवलेला नसतो. अंगाचा ताणा सुताचा, पदराचा रेशमी, आणि विणायला बसण्याआधी दोन्हींचे धागे फासे घालून एकमेकांत अडकवतात. डोळ्याला तो जोड पटकन दिसत नाही, पण बोटाला रेघ लागते. आई पूजेला बसली की मी तिच्या पाठीशी बसून याच रेघेवर नख फिरवत बसायचे. मी हे पार विसरले होते. काल बोटालाच आठवलं.

झोपेपर्यंत नेसूनच होते. तशीच वरण-भात, तूप, लिंबू घेऊन जमिनीवर मांडी घालून जेवले. इतकं छान जेवण कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

म्हणून विचारते. तुमच्या रोजच्यातलं असं काय आहे? खायचं, प्यायचं, अंगावर घ्यायचं, टीव्हीवर बघायचं, काहीही चालेल. लाखाची वस्तू नको. दुसऱ्यालाही करून बघता येईल असं सांगा.

रातांबा
अमृत कोकम. घरचंच हवं.
मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, येतात तेव्हा धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करायचे. अर्धे कापून बिया काढायच्या. एक किलो सालीला दोन किलो साखर. काचेच्या बरणीत सालीच्या वाट्या साखरेनं भरत थरावर थर द्यायचे, वर दादरा बांधून आठवडाभर उन्हात. रोज संध्याकाळी बरणी आत आणून हलवायची. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. तिसऱ्या दिवशी तळाला जांभळट लाल पाक जमायला लागतो तेव्हा मी ऑफिसला जायच्या आधी दोनदा बाल्कनीत जाऊन बघून येते. गाळून ठेवला की वर्षभर. प्यायच्या वेळी चार चमचे पाक, माठातलं पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड.
बिया टाकू नका, त्यांचं तेल टाचांच्या भेगांना लावतात.

उंबरठा
ट्रंकताई, फोटो टाका ना पदराचा 🙏

तिसरा मजला लालबाग
टीव्हीचं सांगते. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईस्तोवर जमेल तेवढं.
आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरात, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. दाराबाहेर चपलांचा ढीग. मुलांना गाण्यांचं ‘छायागीत’ हवं असायचं, बायकांना ‘गजरा’ हा कार्यक्रम. बाबा मात्र ‘आमची माती आमची माणसं’ चुकवायचे नाहीत. कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा माणूस, राहणार लालबागला, आणि बघणार शेतीचा कार्यक्रम. गावी आमची दीड एकर होती, ती चुलते करायचे. भातावर करपा पडला तर काय फवारायचं, हे बाबा कार्यक्रमात ऐकायचे आणि पोस्टकार्डावर लिहून चुलत्यांना पाठवायचे.
१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला. त्यानंतर बाबा काकूंकडे वही घेऊन बसायला लागले. आम्हाला वाटायचं वेळ जात नाही म्हणून लिहितात. पुढल्या वर्षी जूनमध्ये आम्ही गावी गेलो ते कायमचेच, आणि बाबांनी पेरणी केली ती त्या वहीवरून. वही अजून आहे. पहिल्या पानावर ‘खताचे हप्ते’ असं ठळक लिहिलंय.
आता रात्री जेवणं झाली की अर्धा तास मी यूट्यूबवर सह्याद्रीनं टाकलेलं जुनं चित्रीकरण बघते. कुणाची मुलाखत, कुठलं भजन, काहीही चालतं. बरं वाटतं म्हणजे अगदी खांदे खाली येतात. बघाच.
गेली तिसरी शिट्टी

उंबरठा
काकूंनी कधी कंटाळून दार लावलं नाही?

तिसरा मजला लालबाग
कधीच नाही. बातम्या संपल्या की उठून पंखा बंद करायच्या, तेवढ्यावर सगळ्यांना कळायचं 😊

केळीपट्टा
भरीत. आणि भरीत म्हणजे आमच्या जळगावकडचं, बामणोदच्या हिरव्या वांग्यांचं. मोठं वांगं, बी कमी. गॅसवर भाजलेलं मी भरीत धरतच नाही. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्या जाळात वांगी टाकायची. साल कोळसा होते आणि आतला गर धूर पितो. सोलून लाकडी बडगीत ठेचायचं, मिक्सर अजिबात नाही. भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात मूठभर नाही, ओंजळभर. सोबत कळण्याची भाकरी.
थंडीत शेतात वीस-पंचवीस माणसं गोल बसून केळीच्या पानावर हे खातात तेव्हा कुणी बोलत नाही. आमच्याकडे पंगतीतली शांतता ही भरिताला मिळालेली पावती.

दुपारचा डबा
कळणं म्हणजे काय ओ दादा? ज्वारीच ना?

केळीपट्टा
ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळायचे, दळताना थोडं मीठ. भाकरी जराशी काळपट, खरपूस होते. गिरणीवाल्याला नुसतं कळण्याचं म्हटलं की आमच्याकडे त्याला कळतं.

वाळूतली चिंच
रातांबाताई मदत करा. मी शारजात आहे. आईनं दिलेल्या कोकम पाकाला फेस आलाय, आंबूस वास येतोय. टाकून देऊ? जीव होत नाहीये. मागं इथं एका कंपनीचं बाटलीबंद मागवलं होतं, नुसतं लाल साखरपाणी निघालं, म्हणून आईच्या बाटलीला जपून जपून वापरत होते.

रातांबा
अगं फेस आला म्हणजे तो आंबला, आता नको पिऊ. साखर कमी पडली असेल नाहीतर ओला चमचा गेला असेल. जपून वापरताना हेच होतं, महिनोन्महिने उघडझाप चालते. पुढच्या वेळी आईंना लहान लहान बाटल्यांत भरून द्यायला सांग, एक संपली की दुसरी उघडायची. उरलेल्या फ्रीजमध्ये.
तोवर आमसुलं आहेत का? कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, हातानं कुस्कर, गूळ घाल. वेगळं लागतं पण कोकमच ते.

वाळूतली चिंच
आहेत आहेत! आत्ता भिजवते. 🙏🙏

नारळीपाक
कोकमाचा विषय निघालाच आहे तर सोलकढीत लसूण घालायचा की नाही ते एकदाचं ठरवून टाका.

रातांबा
घालायचा. एक पाकळी, हिरव्या मिरचीबरोबर वाटून.

मांडवीकाठी
आमच्या घरी गोंयांत सोलांची कढी लसणीशिवाय होतच नाही, पण माझी सासू बिना लसणीची करते आणि तिची जास्त छान होते हे मी इथं कबूल करते. फक्त कुणीही ती गरम करायला ठेवू नका. नारळाचं दूध फाटतं आणि सगळी मेहनत वाया.

मेंढवाडा
घोंगडी. माणदेशातला आहे, घरात मेंढरं होती.
नवी घोंगडी टोचते. सनगर लोक विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ती ताठ होते. लोक दुकानात हात लावतात, खरखरीत म्हणून ठेवून देतात आणि मऊ ब्लँकेट घेऊन जातात. दोन हिवाळे वापरा. खळ जाते, लोकर मऊ पडते, अंगाच्या वळणाला येते. मग पावसात खोळ करून डोक्यावर घेतली तर सर येऊन जाईपर्यंत पाणी आत शिरत नाही, भिजली तरी आत ऊब राहते. माझा आजा मेंढरांमागं पंढरपूरच्या अंगाला उतरायचा तेव्हा त्याचं अंथरूण, पांघरूण आणि छत्री एकच होती.
आज मी पुण्यात फ्लॅटमध्ये टाइलवर घोंगडी अंथरून झोपतो. पाठ दुखायची थांबली. घ्यायची असेल तर लोकरीचीच घ्या, एक धागा तोडून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला पाहिजे.

दुपारचा डबा
खोळ म्हणजे कोपऱ्यात कोपरा घालतात तेच ना? आमच्या कातकरी मावशी पोत्याची करायच्या. भात लावणीला.

मेंढवाडा
हां तेच.

भांबुर्डी
अलिबागकडची पोपटी कुणी खाल्लीय का? जानेवारीत या. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडे मीठ, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, मग परत पाला ठासायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ, साधारण अर्धा तास. मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की झाली. उघडल्यावर जो वास येतो ना पाल्याचा, त्याच्यासाठी मी नोकरीतली सुट्टी राखून ठेवतो.

लोदची आंबेमोहर
भांबुर्डी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी इस्रायलला लोदमध्ये असते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, माझी आई अलिबागची. आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. पोपटी आई हातवारे करून सांगायची, इथं भांबुर्डी कुठून आणणार.
पण मलिदा आम्ही सोडलेला नाही. एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं करतो. पोहे भिजवायचे, खवलेला नारळ, साखर, वेलची, जायफळ, सुका मेवा, आणि ताटात सभोवार फळं. प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटायचा. माझ्या नातवंडांना मराठी चार शब्द येतात, त्यातले दोन ‘मलिदा’ आणि ‘अजून’.

भांबुर्डी
आजी, पुढच्या हिवाळ्यात येणं झालं तर मडकं तुमच्यासमोर लावतो. वालाच्या शेंगा आमच्याच शेतातल्या.

नारळीपाक
❤️❤️

रंकाळा
दूध. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्या समोर धार काढून पेला हातात. फेस ओठाला लागतो, दूध म्हशीच्या अंगाइतकंच गरम.
आण्णा रोज जायचे. मी शाळेत असल्यापासून सोबत. पेला घेताना ते डावा हात पेल्याखाली धरायचे, थेंब सांडू नये म्हणून.
मार्चमध्ये आण्णा गेले. दीड महिना मी त्या रस्त्यानं गेलो नाही. परवा गेलो. गवळीमामांनी माझ्या मागं बघितलं, मी नुसता हात वर केला. त्यांनी मान हलवली, धार काढली, पेला दिला. पैसे पुढं केले, ते त्यांनी घेतले. घेतले म्हणून बरं वाटलं. ‘राहू दे’ म्हणाले असते तर मला तिथं उभं राहवलं नसतं.
पिताना बघितलं तर माझाही डावा हात पेल्याखाली होता.

तिसरा मजला लालबाग
रंकाळा भाऊ, रोज जात राहा.

माळ्यावरची ट्रंक
काय लिहू कळत नाही. आण्णांना नमस्कार.

वेलदोडा
माझं फारच साधं आहे. पुण्यात अमृततुल्यवाला पितळी पातेल्यात चहा उकळताना बघत उभं राहणं. खलबत्त्यात आलं-वेलदोडा कुटल्याचा टक टक आवाज, मग फडक्यातून गाळतो ती लांब धार. घरी तीच पावडर, तेच दूध, तरी तसा होत नाही. मला वाटतं दिवसभर तेच पातेलं चुलीवर असतं त्याचा गुण.

उंबरठा
वेलदोडा, दूध घातल्यावर पण दहा मिनिटं उकळत ठेवून बघा, आणि साखर आधी. माझा बराचसा तसा होतो.
जुन्या लुगड्यांची गोधडी हातानं शिवून देणारं कुणी आहे का, ठाणे-कल्याणकडे? मशीनची नको. आजीची चार लुगडी आहेत.

दुपारचा डबा
कल्याणला आमच्या सोसायटीत एक मावशी शिवतात, आतून धावदोरा, कडेपासून चौकोनात. विचारून व्यक्तिगत संदेश करते. लुगडी धुऊन, कडक उन्हात वाळवून द्या म्हणजे झालं.

माळ्यावरची ट्रंक
पदराचा फोटो उद्या उजेडात काढते, रात्री रेघ दिसत नाही.
आणि संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिला सांगितलं तर म्हणाली, अगो त्या इरकलीवरची खणाची चोळी माझ्याकडे आहे, साडी कुठं गेली म्हणून मी इतकी वर्षं शोधतेय. रविवारी घेऊन येतेय. चोळी जरा मळकी झालीय म्हणे, धुतली तर चालेल का?

रातांबा
एकदम पाण्यात घालू नका! आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, रंग लागतो का. लागला तर धुणं नको. नाही लागला तर गार पाणी, रिठा, आणि सावलीत उलटी वाळवा.