चर्चा: आफ्रिकेतल्या अनाथ पोरांची पेज आणि आपला धर्मांतराचा संशय

ब्लँटायरवासी
कालच्या धाग्यात 'प्रखर सत्य' यांनी लिहिलं की आफ्रिकेतल्या अनाथ मुलांना जेवू घालणाऱ्या आणि शिकवणाऱ्या ख्रिस्ती संस्था म्हणजे भुकेच्या बदल्यात बाप्तिस्मा देणारी दुकानं, आणि त्यांना पैसे पाठवणारे भारतीय मूर्ख. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मी नोकरीनिमित्त मलावी या आफ्रिकेतल्या देशात राहतो. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राग दोन ओळींत मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मलावीत धर्म बदलून घ्यायला उरलंय कोण? स्कॉटिश मिशनरी १८७५-७६ साली आले. आज इथली दहातली आठ माणसं ख्रिस्ती आहेत, ती पिढ्यान्‌पिढ्या. १९१५ साली गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध बंड करणारा जॉन चिलेम्ब्वे स्वतः बॅप्टिस्ट पाद्री होता. त्याचा चेहरा नोटांवर आहे, जानेवारीत त्याच्या नावाची सुट्टी असते. हा गोऱ्यांनी लादलेला धर्म आहे असं त्याच्या चिराद्झुलू जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना सांगून बघा.

आता पेजेबद्दल. २००२ च्या दुष्काळात मॅग्नस मॅकफर्लेन-बॅरो हा स्कॉटलंडचा कॅथलिक माणूस इथे आला. एड्सनं मरणासन्न झालेली एक आई, भोवती सहा मुलं. थोरल्याला त्यानं विचारलं, तुला काय हवं? पोटभर जेवण आणि एक दिवस शाळेत जायला मिळावं, असं तो म्हणाला. त्यातून मेरीज मील्स ही शाळेत जेवण देणारी संस्था उभी राहिली. सुरुवात २०० मुलांपासून, आज अनेक देशांत मिळून रोज वीस लाखांहून जास्त. पद्धत एकच: शाळेत आलात तर मगभर पेज. मका-सोयाच्या पिठाची, जीवनसत्त्वं घातलेली, इकडे तिला फाला म्हणतात. अनाथ कोण, ख्रिस्ती कोण, मुसलमान कोण, विचारायचं नाही. २०२३ च्या सुमारास एका मुलाचा वर्षाचा खर्च १९ पौंड १५ पेन्स होता.

जानेवारी-फेब्रुवारीत, नवा मका यायच्या आधी, इथल्या घरांत खरोखर काही नसतं. मी ज्या शाळेत जातो तिथे पोरं घंटा व्हायच्या आधीपासून रिकामे मग घेऊन उभी असतात. त्यातली कितीतरी आजीकडे वाढतायत, मधली पिढीच गेलेली आहे. त्या आज्यांना कुणी मूर्ख म्हणू नये आणि त्यांच्या नातवंडांसाठी पैसे पाठवणाऱ्यांनाही नाही.

प्रखर सत्य
नियम कागदावर छानच असतात. संस्थेचं नावच मेरी आहे, मग मुलाला वेगळं काय विचारायचं राहिलं? उपाशी पोराला कोण वाढतंय हे कळतंच, आणि ते जन्मभर लक्षात राहतं. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या आत्याच्या घरी दोन मुलांची फी आणि वसतिगृह एका मिशननं केलं. मुलं शिकली, नाकारत नाही. पण आज दोन भाऊ एकमेकांच्या घरच्या कार्याला जात नाहीत, आत्या गेली तेव्हा अंत्यसंस्कार कसे करायचे यावरून अंगणात भांडण झालं. तुम्ही पेजेचे मग मोजता, मी ते अंगण पाहिलंय. आणि भारत सरकारनं अशा संस्थांच्या परदेशी पैशावर बंधनं घातली, तीही काही उगाच नाही. कम्पॅशन इंटरनॅशनल ही भारतातल्या लाखभरापेक्षा जास्त मुलांना पैसे पुरवणारी अमेरिकन ख्रिस्ती संस्था त्यामुळेच २०१७ मध्ये इथून गुंडाळावी लागली.

ब्लँटायरवासी
आत्याबद्दल वाईट वाटलं. पण कम्पॅशनचं नाव काढलंत तर पुढचंही ऐका. त्याच संस्थेच्या मुलांवर २०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास छापून आला. सहा देश, त्यात युगांडा, केनिया आणि भारतही, दहा हजारांवर माणसं. मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली. हे दुकान असेल तर त्यातून शिक्षण मिळतंय.

मृण्मयी
तुम्ही दोघं धर्मावर भांडताय आणि मूळ घोळ 'अनाथ' या मोजणीत आहे. युनिसेफच्या हिशेबात आई किंवा बाप, एक जरी गेला तरी मूल अनाथ. आफ्रिकेतल्या बहुतेक 'अनाथ' मुलांना एक पालक आहे, आजी आहे, मामा आहे. जाहिरातीत मात्र जगात कुणीच नसलेलं लेकरू दिसतं.

मी युगांडात एका अनाथालयात काम केलंय. परदेशी पाहुण्यांची बस यायची त्या दिवशी मुलांना मुद्दाम फाटके कपडे घालायला लावायचे. एक मुलगा दर शनिवारी बाजारात आईच्या भाजीच्या ढिगामागे बसायचा आणि रविवारी देणगीदारांसमोर अनाथ म्हणून गाणं म्हणायचा. ती आई मला म्हणाली, फी भरता आली असती तर मी त्याला दिला असता का?

मलावीचंच बघा. २००६ साली अमेरिकन गायिका मॅडोनानं म्चिंजीच्या अनाथालयातून मुलगा दत्तक नेला, त्याचा बाप जिवंत होता. त्याच वर्षी त्याच म्चिंजी जिल्ह्यात सरकारनं अतिगरीब घरांना रोख पैसे द्यायला सुरुवात केली. एकट्या माणसाला महिना ६०० क्वाचा (मलावीचं चलन), चार किंवा जास्त माणसांच्या घराला १८००, वर प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलामागे २००. एवढ्यात मूल घरात राहतं. जगाला मॅडोना माहीत आहे, हे माहीत नाही.

आणि युगांडातलं जिंजा शहर विसरू नका. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या अमेरिकन मिशनरी बाईनं कुपोषित मुलांचं केंद्र चालवलं, २०१० ते २०१५ मध्ये शंभरावर मुलं तिथे दगावली. २०२० मध्ये दोन आयांना पैसे देऊन, जबाबदारी न स्वीकारता दावा मिटवला गेला. देवाचं काम म्हटलं की परवाना कुणी मागत नाही, माझा राग त्यावर आहे.

औषधवाला
आफ्रिकेतली पोरं अनाथ होणं ज्यांनी थांबवलं त्यांचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होती. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी ती ३५० डॉलरला देऊ केली. आईबाप जगले तर अनाथालयच नको. मलावीनं तर २०११ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गर्भवतीला आयुष्यभराचं औषध सुरू केलं. पाद्र्यांचं कौतुक होतं, आमच्या कारखान्यांचं होत नाही.

मांडवी_तीर
औषधवाले, २००१ च्या आधीची वर्षं कुणी काढली? माझी मावशी सिस्टर, म्हणजे कॅथलिक नन, युगांडात मसाका भागात होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिकडे केळीच्या बागाच्या बागा ओसाड पडलेल्या, कसणारे मेलेले. घरात सर्वांत मोठं माणूस बारा वर्षांची मुलगी. किटोवूच्या कॅथलिक इस्पितळानं १९८७ पासून गावोगाव गाडी घेऊन जाऊन घरात पडलेल्या रोग्यांची सेवा सुरू केली, पुढे मागे राहिलेल्या पोरांसाठी फिरत्या शेतीशाळा काढल्या, कारण पेरणी कशी करायची हे शिकवायला बाप उरला नव्हता. मावशी सांगायची, मयताला खड्डा खणायला माणूस मिळत नसे, तो सिस्टरांनी खणला. मृण्मयी, तुझ्या पाहुण्यांच्या बसशी हिची गल्लत करू नकोस. अनाथालय तिनं कधी काढलं नाही. पोरं त्याच घरात, शाळेची फी मात्र सिस्टरांच्या मठातून.

मृण्मयी
मग तुझी मावशी आणि मी एकाच बाजूला आहोत. मी अनाथालयावर बोलत होते.

खडूफळा
जिल्हा परिषद शाळेत शिकवते, रोज पोषण आहाराची नोंदवही माझ्या हातात असते, म्हणून विचारते. ब्लँटायरवासी, ती पेज शिजवतं कोण? आणि तिला पगार किती?

ब्लँटायरवासी
गावातल्या आया, आज्या. पाळीपाळीनं, स्वेच्छेनं. पहाटे येतात, सरपणही गावच आणतं. संस्थेचा कणाच तो आहे. स्वयंपाकघर गावाचं म्हणून पिठाची पोती चोरीला जात नाहीत.

खडूफळा
म्हणजे फुकट. वाटलंच होतं.

आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या ताईंना महिना अडीच हजार मिळतात. तेही तीन-तीन महिने थकतात, मग त्या माझ्याकडे येतात आणि मी कार्यालयात फोन करत बसते. वरून तांदूळ निवडा, भांडी घासा, शाळा झाडा, पाहुणे आले तर चहा करा. एवढ्या वर्षांत एकही पुरुष मदतनीस मी पाहिला नाही. आता तुम्ही सांगताय की स्कॉटलंडहून पीठ येतं, इमारतीला पैसे येतात, व्यवस्थापकाला पगार, गाडीला डिझेल आणि चुलीपाशी बसणारी तेवढी 'स्वेच्छेनं'. सेवा म्हटलं की बाईनं फुकट राबायचं, हे चर्चमध्येही तसंच आणि आमच्या शासन निर्णयातही तसंच.

ब्लँटायरवासी
पीठ स्कॉटलंडहून येत नाही, इथेच तयार होतं, इथल्या शेतकऱ्यांचा मका-सोया लागतो. आणि एका बाईची पाळी रोज नसते, बाकी दिवस ती तिच्या शेतात. तुम्ही तुमच्या तालुक्याचा राग इथे काढताय. पगार सुरू केला तर १९ पौंडांचे किती होतील आणि किती पोरांचा मग रिकामा राहील, हा हिशेब मांडा आणि मग बोला.

खडूफळा
हिशेब मला शिकवू नका, रोज मांडते. 'पगार दिला तर पोरं उपाशी राहतील' हे वाक्य मी शिक्षणाधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलंय. दर वेळी बाईची मजुरी आणि लेकराचं पोट हेच दोन पारड्यांत का येतं? डिझेल का येत नाही? ज्या आजीवर चार नातवंडं पडली आहेत, तिची एक सकाळसुद्धा फुकट नसते. ती नाही म्हणू शकते का, एवढं सांगा. नातवंडं त्याच शाळेत असताना?

मांडवी_तीर
बाई, माझी मावशी चाळीस वर्षं बिनपगारी राबली आणि समाधानी होती.

खडूफळा
तुमच्या मावशीनं ते व्रत घेतलं होतं. तिच्या म्हातारपणाची सोय तिच्या सिस्टरांच्या संघानं केली असेल. त्या आजीची कोण करणार?

प्रखर सत्य
ताईंशी शंभर टक्के सहमत. हेच मी म्हणत होतो.

खडूफळा
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही पेज बंद करा म्हणत होता. मी पेज चालू ठेवून पगार द्या म्हणतेय. माझ्या वर्गात दोन मुलं अशी आहेत जी सोमवारी दुप्पट खातात, कारण रविवारी शाळा नसते. कुणाच्या नावानं शिजलंय ते मी त्यांना विचारायला जाणार नाही.

प्रखर सत्य
ठीक आहे. जेवण थांबवा असं मी शब्दशः लिहिलं नव्हतं, पण अर्थ तसा निघत असेल तर तेवढा भाग सोडतो. शाळेत, सरकारच्या देखरेखीखाली, कुणालाही न विचारता दिलेल्या जेवणाला माझा विरोध नाही. देणगीदाराला दर महिन्याला एका मुलाचा फोटो आणि त्याचं 'देव तुमचं भलं करो' असं पत्र पाठवणाऱ्या संस्थांना मात्र कायम राहील.

मृण्मयी
त्या फोटो-पत्रांना माझाही आहे. पण 'सरकारच्या देखरेखीखाली' म्हणताना हेही बघा की मलावीच्या रोख मदतीत थ्योलो जिल्ह्याचा खर्च तिथलं सरकार उचलतं, बाकी जिल्ह्यांचा जर्मनी, युरोपीय संघ, आयर्लंड, जागतिक बँक. सरकार म्हटलं तरी बहुतेक पैसा बाहेरचाच.

ब्लँटायरवासी
खडूफळा, आजी नाही म्हणू शकते का, याचं उत्तर: पाळी चुकवली म्हणून कुणाच्या नातवंडाचा मग रिकामा राहिल्याचं मी पाहिलेलं नाही. गावात बोलणी बसत असतील, ते नाकारत नाही. पगार मला अजूनही पटत नाही. पण पाळीच्या दिवशी त्या बाईला घरी न्यायला किलो-दोन किलो पीठ मिळावं, हे मी पुढच्या पालकसभेत मांडेन.

खडूफळा
पीठ नको, क्वाचा द्या. पीठ दिलं की ते घरात सगळे खातात, तिच्या हातात काही राहत नाही. आणि मांडायचंच असेल तर तुम्ही नका मांडू, त्या बायकांना बोलू द्या.