रिफ्लेक्टर दुर्बिणीत फोकसच होत नाहीये, ७६/७०० वाल्यांनी प्लीज मदत करा

मृग_सातारा:
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, तिला आकाशाचं फार वेड, म्हणून ओळखीतून सेकंडहँड रिफ्लेक्टर (आरशाची दुर्बीण) घेतली. ट्यूबवरच्या स्टिकरवर ७६ मिमी आणि ७०० मिमी लिहिलंय. सोबत २०, १२.५ आणि ४ मिमीची तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं), एक ३एक्स बार्लो (प्रतिमा तिप्पट मोठी करणारी भिंगाची नळी) आणि बाकी बरंच सटरफटर सामान आलंय. प्रॉब्लेम असा की चंद्र बघायला गेलं तर नुसता पांढरा झगझगीत उजेड दिसतो आणि व्याधाचा तारा लावला तर मेदूवड्यासारखं मोठं कडं, मधे काळं भोक. नॉब आत फिरवला की कडं लहान होत जातं पण ठिपका व्हायच्या आधीच फोकसर आत टेकतो, पुढे जातच नाही. गंमत म्हणजे दिवसा गल्लीपलीकडच्या गॅलरीतली कुंडी, दहा-बारा मीटर असेल, ती फोकसर असाच आत टेकलेला असताना एकदम क्लिअर दिसते (उलटी दिसते पण पानाच्या शिरासुद्धा मोजता येतात). मग आकाशातलंच का दिसत नाही? आरसा खराब आहे का? विकणारे म्हणतात आमच्याकडे नीट चालायची.

ध्रुवमत्स्य:
ताई, आरसा अगदी ठीक आहे, काळजी करू नका. आरसा खराब असता तर कुंडीच्या पानांच्या शिरा दिसल्या नसत्या. आणि ते मधलं काळं भोक म्हणजे ट्यूबच्या तोंडाशी जो छोटा तिरका आरसा असतो त्याची सावली, फोकसबाहेरच्या ताऱ्यात ती दिसणारच.

खरा धागा त्या कुंडीतच आहे. वस्तू जितकी जवळ तितकी तिची प्रतिमा मागे सरकते, म्हणजे आयपीस तितकं बाहेर घ्यावं लागतं. ७०० मिमी फोकल लेंग्थला (मोठ्या आरशापासून आकाशाच्या फोकसपर्यंतचं अंतर) हिशोब केला तर १० मीटरवरच्या वस्तूसाठी आयपीस आकाशाच्या फोकसपेक्षा ५ सेंटिमीटरहून जास्त बाहेर लागतं, ५० मीटरला साधारण १ सेंटिमीटर आणि अर्ध्या किलोमीटरला जेमतेम १ मिलिमीटर. तुमचा फोकसर पूर्ण आत असताना कुंडी स्पष्ट दिसते याचा अर्थ तुमचं आयपीस असायला हवं त्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर बाहेर राहतंय, आणि एवढा फरक उगाच पडत नाही, मधे काहीतरी बसवलेलं असणार. आयपीस थेट फोकसरच्या नळीत घालताय की मधे एखादा तुकडा आहे? सगळ्यात बारीक बघून हेच सांगा.

मृग_सातारा:
हो आहे!! एक काळा काटकोनी तुकडा आहे, आत आरसा दिसतो, त्यात आयपीस घातलं की बघायला सोयीचं पडतं म्हणून आम्ही तो काढलाच नाही, आधीपासून तसाच लावलेला होता.

ध्रुवमत्स्य:
मग तोच. त्याला डायगोनल म्हणतात आणि तो भिंगाच्या दुर्बिणीसाठी असतो, तिथे मागून बघावं लागतं म्हणून मान वाचवायला. बहुतेक आधीच्या घरी दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी असतील आणि सामान एकमेकांत मिसळलं असेल. त्या तुकड्यातून जाताना प्रकाशाला सहा-सात सेंटिमीटर जादा अंतर कापावं लागतं आणि रिफ्लेक्टरच्या फोकसरला तेवढं आत जायला जागाच नसते. आपल्या प्रकारात आयपीस मुळातच बाजूला असतं, न्यूटननं १६६८ मध्ये केलेल्या दुर्बिणीतही तसंच होतं, त्यामुळे याची गरजच नाही. तो काढा, २० चं आयपीस थेट नळीत घाला, बार्लो डब्यात ठेवा. आधी दिवसा अजिंक्यताऱ्याच्या तटावर लावून बघा, गच्चीवरून, खिडकीच्या काचेतून नको. तिथे फोकस लागला की नॉबला हात न लावता रात्री चंद्राकडे वळवा, केसभरच फिरवावं लागेल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. त्या सटरफटर सामानात आयपीसवर फिरवून बसवायची गडद हिरवी किंवा काळी काच असेल, वर सन असं काहीतरी लिहिलेलं, तर ती आजच फेकून द्या. आरशानं गोळा केलेलं सगळं ऊन नेमकं तिथेच एकवटतं आणि ती काच तापून तडकते, मागे लेकीचा डोळा असतो. सूर्य बघायचा तर ट्यूबच्या तोंडावर पूर्ण बसणारा सोलर फिल्टरच हवा. दिवसा प्रॅक्टिस करतानासुद्धा ट्यूब सूर्याच्या बाजूला फिरकूच देऊ नका.

मृग_सातारा:
दादा खूप खूप आभार, डायगोनल काढला आणि चंद्रावरचे खळगे असे काही दिसले की लेक खाली यायलाच तयार नाही, आजीला पण वर बोलावून दाखवलं. आता पुढचा प्रश्न. गुरू २० च्या आयपीसमध्ये छोटा पण छान गोल दिसतो, शेजारी चार ठिपके. पण ४ चं आयपीस लावलं की परत सगळं भुरकट, नॉब आतबाहेर दोन्हीकडे फिरवून झाला, कुठेच नीट येत नाही. आणि बार्लो लावला तर गुरू सापडतच नाही.

आरसेवाला_पुणे:
याचं उत्तर मी देतो कारण या ४ च्या आयपीसपायी कित्येक चांगल्या दुर्बिणी माळ्यावर गेलेल्या बघितल्यात आणि दरवेळी वाईट वाटतं. फोकल लेंग्थ भागिले आयपीस, म्हणजे ७००/२० = ३५ पट, १२.५ नं ५६ पट, ४ नं १७५ पट. त्यावर ३एक्स बार्लो लावला की ५२५ पट, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो हाच आकडा. पण आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर २ पट झेपतं, म्हणजे ७६ मिमीला दीडशेच्या आसपास आणि तेही हवा एकदम स्थिर असेल तर. त्यापुढे प्रतिमा मोठी होते पण नवीन काही दिसत नाही, नुसतं अंधुक होत जातं. म्हणजे तुमचं फोकस चुकत नाहीये, तिथे धारदार फोकस मुळात नाहीच. गॅलिलिओनं १६१० मध्ये ते चार चंद्र साधारण २० पटीच्या दुर्बिणीतून शोधले, तुमच्याकडे त्याहून जास्त आहे. १२.५ वर या, गुरूवरचे दोन पट्टे हवा बरी असेल तर दिसतील.

बाकी सवयीच्या गोष्टी. दुर्बीण घरातून काढल्या काढल्या बघायला बसू नका, अर्धा तास गच्चीवर नुसती ठेवा, आरसा गरम असला की आत हवा खदखदत राहते आणि फोकस लागल्यासारखा वाटून निसटतो. स्लॅबपण दिवसभराचं ऊन रात्री सोडत असतो त्यामुळे उशिरा बघितलेलं केव्हाही चांगलं. नॉबला हात लावला की सगळं हलतं, म्हणून थोडं फिरवा, हात सोडा, दोन-तीन सेकंद थांबा, मग बघून ठरवा. १७५ पटीला गुरू मिनिटभरात नजरेबाहेर जातो, हललेलं स्थिर होईपर्यंत अर्धा गेलेला असतो.

आणि एकदा तारा मधोमध ठेवून मुद्दाम थोडा आउट करा. काळं भोक कड्याच्या बरोबर मध्ये असेल तर आरसे जुळलेले आहेत, काहीही हात लावू नका. एका बाजूला सरकलेलं असेल तरच कोलिमेशन, म्हणजे आरसे जुळवणं. ट्यूबच्या मागे स्क्रूच्या तीन जोड्या असतील, पाव-पाव फेऱ्यानं. पुढचा छोटा आरसा शक्यतो छेडू नका, तो एकदा हलला की नवख्या माणसाला जाग्यावर आणणं अवघड जातं. त्यापेक्षा पुण्यात येणं होत असेल तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करा, १९४४ पासूनची संस्था आहे, जाणकार माणसं भेटतील. मुंबईकडच्यांना खगोल मंडळ आहे.

रात्रपाळी:
माझा पण फोकसचाच घोळ, इथेच विचारतो. ११४/९०० आहे, डोळ्यानं मस्त दिसतं पण डीएसएलआर लावला की चंद्र पण फोकस होत नाही, फोकसर आत टेकतो. डायगोनल वगैरे काही नाही.

आरसेवाला_पुणे:
कारण तेच, जादा अंतर. कॅननचा सेन्सर माउंटच्या ४४ मिमी मागे असतो, त्यात टी-रिंगची (कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी) जाडी धरली की ५५ मिमी झाले, तेवढं आत जायला फोकसरकडे जागा नाही. २एक्स बार्लो मधे टाकून बघा, तो फोकस बाहेर ढकलतो, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. चंद्र चौकटीत मावतो का ते मात्र बघावं लागेल, दुप्पट होतो ना. नाहीतर मोठा आरसा ट्यूबमध्ये पुढे सरकवतात काहीजण, पण त्यासाठी ट्यूबला नवीन भोकं पाडावी लागतात, म्हणून आधी कोणाचा तरी बार्लो मागून आणून ट्राय करा.