पानांचा चहा काळा आणि तुरट होतोय, मदत हवी आहे

फोंडेकर: मंडळी, जरा लवकर सांगा. भाचीने महागाचा पानांचा चहा दिलाय, रविवारी व्याही येणार आहेत. करून बघितला तर काळपट आणि घसा धरणारा. पत्ती कमी केली तरी तेच. काय करू?

चहाबाज: कुठला चहा? आसाम की दार्जिलिंग? दूध घालता? उकळता किती वेळ?

म्हापसेकर: एवढं कशाला विचारायचं! अर्धं दूध, अर्धं पाणी, आलं ठेचून घाला आणि दोन उकळ्या काढा. व्याही खूश होतील.

सुलभा_डिचोली: परसात गवती चहा असेल तर त्याची दोन पाती टाका. पोटालाही बरा. साखरेऐवजी गूळ घेतलात तर अजून चांगलं.

चहाबाज: म्हापसेकर, तुमची कृती सीटीसीच्या दाण्याला ठीक. ती पत्ती यंत्रात फाडून, वळून केलेली, उकळीत झटकन उतरते आणि दुधालाही पुरून उरते. अख्ख्या पानाला तसं उकळलं तर सुगंध उडतो, तुरटपणा तेवढा राहतो.

म्हापसेकर: आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उकळूनच पितात. न उकळलेल्याला मी चहा म्हणणार नाही.

फोंडेकर: भांडू नका हो. पाकिटावर दार्जिलिंग, फर्स्ट फ्लश लिहिलंय. दूध नाही. पाचेक मिनिटं उकळतो. पण काळा का पडतो?

चहाबाज: ही मार्च-एप्रिलची पहिली तोड, रंग फिका सोनेरीच यायला हवा. उकळू नका. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिटभर थांबा, म्हणजे साधारण ९० अंशांवर येईल. २०० मिली पाण्याला २ ते ३ ग्रॅम पत्ती. पानं हलकी असतात, त्यामुळे चमचा शीग लावून भरा. झाकून ३ मिनिटं मुरवा आणि सगळा गाळून घ्या. पानं किटलीतल्या चहात तशीच राहिली की दुसरा कप कडू.

काणकोणकर: पाणी नळाचं की विहिरीचं?

फोंडेकर: विहिरीचं. गोड आहे, सगळे वाखाणतात. त्याचा काय संबंध?

काणकोणकर: तोच तर मुद्दा आहे. आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, जमिनीत लोह असतं. ते पाण्यात उतरलं की चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून शाईसारखा रंग येतो. थोडं असलं तर जिभेला कळतही नाही. बादली रात्रभर ठेवा, तळाला तांबूस साका बसतो का बघा. आणि विहिरीच्या आणि बाटलीच्या पाण्याचा एकेक पांढरा कप शेजारी शेजारी करून बघा.

म्हापसेकर: फोंड्यात ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं नळाचं पाणी येतं ना? ते घ्या.

चहाबाज: क्लोरीनचा वास असेल तर आधी थोडा वेळ उघडं ठेवा.

सुलभा_डिचोली: पावसाळ्यात डबा घट्ट लावा हं. आणि सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) फडताळात अजिबात नको, चहा वास ओढून घेतो.

फोंडेकर: केले दोन्ही कप. तुरटपणा दोन्हींत गेला. बाटलीच्या पाण्याचा सोनेरी, कपाचा तळ दिसतो. विहिरीचा अजून काळपटच, बादलीत साकाही आहे. आता बायको विचारतेय, हे पाणी प्यायचं की नाही?

काणकोणकर: ते चहावरून ठरवू नका, प्रयोगशाळेत तपासून घ्या. लोहाबरोबर जंतूंचीही तपासणी सांगा.

फोंडेकर: सोमवारी देतो. रविवारपुरती बाटली आणतो. माणसं सहा, पत्ती पुरेल ना?

चहाबाज: पुरेल. त्याच पानांवर दुसरं पाणी घाला, फक्त ते ३ ऐवजी ४-५ मिनिटं ठेवा.