प्वारोच्या कादंबऱ्या ऐकायच्या आहेत: सुरुवात कुठून करावी?

श्रवणेच्छू
अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराच्या मालिकेत ३३ कादंबऱ्या आहेत. छापील एकही वाचलेली नाही, थेट ऑडिओबुकच ऐकायचं आहे. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' सुरू केलं, पण साक्षी सुरू झाल्या की कोण कुठल्या डब्यात होतं याचा गोंधळ होतो. प्रकाशनाच्या क्रमानेच ऐकावं का? आणि एकाच पुस्तकाचं एक ध्वनिमुद्रण सहा-सात तासांचं, तर दुसरं अडीच तासांचं कसं?

टिपणवही
गोंधळ तुमच्या कानांचा नाही. त्या पुस्तकात डब्याचा नकाशा छापलेला आहे आणि ऐकताना नेमका तोच गळतो. कागदावर एक आडवी रेघ ओढून डब्यातल्या प्रत्येक कप्प्यासाठी एक खण पाडा. १ मध्ये प्वारो, २ मध्ये रॅचेट (ज्याचा खून होतो तो), ३ मध्ये मिसेस हबर्ड. पुढे १२ काउंटेस आंद्रेन्यी, १३ काउंट, १४ प्रिन्सेस द्रागोमिरॉफ, १५ कर्नल आर्बथनॉट, १६ हार्डमन. बाकीचे ऐकता ऐकता भरा. रॅचेटच्या एका भिंतीपलीकडे प्वारो आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे हबर्डबाई, एवढं डोळ्यांसमोर राहिलं की रात्रीचे आवाज कुठून आले ते आपोआप कळतं. शेजारी वेळांचा रकाना ठेवा. प्रत्येक साक्षीत वेळ येते आणि ती कानावरून सहज निसटते.

'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'मध्येही (१९२०) घराचा व खोलीचा नकाशा आहे आणि हस्ताक्षराचा नमुनाही आहे. म्हणून पहिली कादंबरी असली तरी कानाने सुरुवात करायला ती मला योग्य वाटत नाही.

त्यापेक्षा 'फाइव्ह लिटल पिग्ज' (१९४२) घ्या. सोळा वर्षांपूर्वीचा खून आणि संशयित पाचच. प्वारो आधी प्रत्येकाला भेटतो, मग प्रत्येकाकडून लेखी हकिगत मागवतो. तीच घटना पाच तोंडून येते, त्यामुळे एखादा धागा सुटला तरी पुन्हा हाती लागतो. कानासाठी यापेक्षा चांगली रचना या मालिकेत नाही.

क्रमवार
वरच्याशी सहमत. सगळं क्रमाने ऐकण्याची गरज नाही, पण दोन ठिकाणी फार जपा. 'डंब विटनेस'मध्ये (१९३७) प्वारो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं घेतो. त्या चार म्हणजे 'स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६), 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' (१९२८) आणि 'डेथ इन द क्लाउड्स' (१९३५). 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये (१९३६) एका वाक्यात ओरिएंट एक्स्प्रेसचं रहस्य फुटतं. वाचताना नजर पुढे सरकवता येते, कान मात्र वेळेवर बंद होत नाहीत. आणि 'कर्टन' (१९७५) सर्वांत शेवटी. ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेलं होतं, पण 'स्टाइल्स' ऐकल्याशिवाय त्याला हात लावू नका, कारण कथा त्याच घरात परतते.

ध्वनिफीत
तासांबद्दल. सहा-सात तासांचं म्हणजे संपूर्ण संहिता. अडीच तासांचं एक तर संक्षिप्त वाचन असतं, नाही तर बीबीसी रेडिओ ४ चं नभोनाट्य, ज्यात जॉन मोफॅट प्वारो आहे. नभोनाट्य म्हणून ते सुंदर आहे, पण आधी ते ऐकू नका. ख्रिस्तीबाई दुवा लपवतात तो बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या वाक्यात, आणि संक्षेप करताना पहिली कात्री तशाच वाक्यांना लागते. 'ॲक्रॉइड' तर एक शब्दही न गाळता ऐकावं.

आवाज निवडताना: आठ कादंबऱ्या प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज याच्या तोंडून येतात. तिथे ह्यू फ्रेझरचं वाचन मिळालं तर तेच घ्या, प्वारोच्या टीव्ही मालिकेत हेस्टिंग्ज तोच होता. ओरिएंट एक्स्प्रेस त्याच मालिकेतल्या प्वारोच्या, म्हणजे डेव्हिड सुशेच्या आवाजात ऐका, प्रवाशांचे उच्चार वेगळे काढल्यामुळे माणसं ओळखू येतात. वेग १ वरच ठेवा. १.२५ केला की नेमका उच्चारांतला हाच फरक पुसट होतो. (नावाचा उच्चार 'एर्क्यूल', सुरुवातीचा ह मुका.)

विकत घेताना अमेरिकी नावं तपासा, नाही तर एकच पुस्तक दोनदा घ्याल. 'मर्डर इन द कॅले कोच' म्हणजे ओरिएंट एक्स्प्रेस, 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट' म्हणजे फाइव्ह लिटल पिग्ज, 'थर्टीन ॲट डिनर' म्हणजे 'लॉर्ड एजवेअर डाइज'.

श्रवणेच्छू
सर्वांचे आभार. झोपताना ऐकलं तर चालेल का? आणि 'स्टाइल्स' फुकट दिसतं, ते कायदेशीर आहे का?

ध्वनिफीत
झोपताना नवी कादंबरी नको, ऐकलेली पुन्हा ऐका. ऐकायचीच असेल तर टायमर मिनिटांवर न लावता 'प्रकरण संपेपर्यंत' असा लावा. दुसऱ्या दिवशी नेमकं कुठे झोप लागली ते शोधावं लागत नाही, ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लावायचं.

'स्टाइल्स' अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, म्हणून तिथे स्वयंसेवकांची वाचनं मोफत आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजतात. ख्रिस्ती १९७६ मध्ये गेल्या, म्हणजे इथे २०३६ संपेपर्यंत हक्क कायम आहेत. तोवर विकतचं घ्या किंवा वाचनालयाचं वापरा.