मदत हवी आहे: गुऱ्हाळावरच्या थ्रिलरची पहिली दोन मिनिटं

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. या सत्रात आम्हाला एका थ्रिलर चित्रपटाची फक्त सुरुवात करून दाखवायची आहे, श्रेयनामावली धरून दोन मिनिटं. पुढचा चित्रपट होणार नाही, पण बघणाऱ्याला तो बघावासा वाटला पाहिजे. सोबत संशोधनाची वही द्यायची आहे. तिच्यात इतर चित्रपटांच्या सुरुवातींचा अभ्यास, प्रेक्षक कोण, जागेची पाहणी, धोक्यांची नोंद, शॉटची यादी आणि स्टोरीबोर्ड हे सगळं हवं. आम्ही चौघं आहोत. दोन मोबाइल, एक ट्रायपॉड आणि एक कॉलर माइक एवढं सामान आहे.

जागा मिळाली आहे. पन्हाळ्याच्या बाजूला मैत्रिणीच्या मामांचं गुऱ्हाळ आहे आणि हंगामात ते रात्रीही चालतं. चुलवाणात, म्हणजे गुळाच्या भट्टीत, चिपाड (पिळलेल्या उसाचा चोथा) सारलं की ज्वाळा बाहेर येते, काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, वाफ उभी राहते, बाकी सगळीकडे ऊस आणि अंधार. थ्रिलर म्हटलं की जो तो ओसाड बंगला नाहीतर पार्किंगची जागा शोधतो. ज्या जागेत रोज रात्री माणसं काम करतात तिथलीच भीती मला दाखवायची आहे.

गोष्ट अशी. विशीतली एक मुलगी गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, वजनं वहीत उतरवते आहे. हमाल एकेक रवा काट्यावर ठेवतो, ती आकडा बघून लिहिते. तीस किलो, तीस, तीस. मग एका रव्याला काटा चौतीस दाखवतो. ती मान वर करते. हमाल तिच्याकडेच बघतो आहे. ती वहीत तीस लिहिते. पुढचा रवा. काळा पडदा, चित्रपटाचं नाव.

संवाद एकही नाही. रव्यात काय आहे हे आम्ही ठरवलं आहे: मेणकापडात गुंडाळलेली लोखंडी वस्तू. नोटांची बंडलं घालायचा विचार झाला होता, पण कागद गुळापेक्षा हलका. साचा तोच, मग रवा जड न होता हलका भरला असता. वजन वाढायचं तर आत धातूच हवा. पाचेक किलोचं लोखंड घातलं तर तेवढ्या जागेतला किलोभर गूळ कमी होतो, म्हणून साधारण चार किलो वाढतात. हा हिशेब कुणी विचारणार नाही, पण आमच्यापाशी तो पक्का असायला हवा असं मला वाटतं.

आता अडचण. गटात दोन मतं आहेत.

दोघांचं म्हणणं, सुरुवातीलाच दोन हात दाखवायचे. ते मेणकापडातली वस्तू साच्यातल्या गरम गुळात खुपसतात. म्हणजे प्रेक्षकाला माहीत, मुलीला नाही. आधार आहे दिग्दर्शक हिचकॉकने दिग्दर्शक त्रुफोला मुलाखतींत सांगितलेला टेबलाखालचा बॉम्ब. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे आधीच कळलेलं असेल तर साध्या गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात.

मला वाटतं काहीच दाखवू नये. चौतीस हा आकडा प्रेक्षकाने तिच्याबरोबरच पहिल्यांदा बघावा. हिचकॉकचं म्हणणं मला पटतं, पण त्याच्या उदाहरणात टेबलाशी बसलेली माणसं काहीच करत नाहीत. आमची मुलगी खोटं लिहिते. आत काय आहे ते आधीच सांगितलं, तर तिने तीस का लिहिलं याकडे कुणाचं लक्ष राहील का?

दुसरी अडचण श्रेयनामावलीची. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची सुरुवात आम्ही वर्गात बघितली. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ न तुटता त्या गाडीबरोबर सरहद्दीवरच्या गावातून फिरतो. १९५८मध्ये स्टुडिओने त्या शॉटवर नावं आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या सविस्तर टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने १९९८मध्ये नवं संकलन केलं. त्यात नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज आणले, गाडीचा रेडिओ, दारांतून बाहेर येणारी गाणी. दोन्ही एकापाठोपाठ बघितल्यावर माझा कल साफ मर्चच्या संकलनाकडे झुकला. पण आमच्या अटीत नावं दोन मिनिटांच्या आतच हवीत. ती कुठे बसवावीत?

तिसरं, तांत्रिक. पाहणीला गेलो तेव्हा मोबाइलवर घेतलेल्या रात्रीच्या शॉटमध्ये दिव्याच्या उजेडात पट्टे सरकताना दिसतात. इलेक्ट्रॉनिक काट्याचे लाल आकडेही अर्धवट येतात, डोळ्यांना मात्र नीट दिसतात. शिवाय ज्वाळा मोठी झाली की चित्राचा रंग आपोआप बदलतो.

आणि प्रेक्षकांच्या संशोधनासाठी प्रश्नावली करायची आहे. ‘तुम्हाला थ्रिलर आवडतात का’ छापाचे प्रश्न विचारून हाती काय लागणार, हे मला समजत नाही.

जाणकारांनी वेळ काढून सांगावं. गुऱ्हाळाची माहिती असणाऱ्यांनीही सांगावं, तपशील चुकीचा दाखवायचा नाही.

— चिपाड

प्रतिसाद

रात्रपाळी: तांत्रिक भागाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोबाइलवर कॅमेरा हाताने लावता येणारं ॲप घ्या. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (एका चित्राला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, फार उजेड असेल तर १/१००. पट्टे जवळजवळ सगळे जातील. आपोआप सेटिंगवर मोबाइल बऱ्याचदा ३० फ्रेम घेतो आणि शटर मनाला येईल तसं बदलतो, तिथेच घोळ होतो. काही स्वस्त एलईडी दिवे तरीही त्रास देतात. जाताना दोन-तीन वेगळे बल्ब घेऊन जा आणि तिथेच बदलून बघा.

रंगासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कोणत्या उजेडाला पांढरा धरतो ते, ३२०० केल्विनच्या आसपास कुलूपबंद करा. ज्वाळा नारिंगी दिसेल, ट्यूबचा उजेड निळसर दिसेल. तो फरक राहू द्या. मुलगी ट्यूबखाली आणि हमाल ज्वाळेच्या बाजूला उभा केला, तर दोघांमधलं अंतर रंगानेच कळेल. एक्स्पोजरही कुलूपबंद करायला विसरू नका. वाफ दिसायला हवी असेल तर दिवा तिच्या मागे पाहिजे, पुढून उजेड टाकला की ती नाहीशी होते.

काट्याचे आकडे एका वेळी सगळे पेटत नाहीत, फार झपाट्याने आळीपाळीने पेटतात. शटर १/५०वर आणलं की बहुतेक पूर्ण दिसतील. मात्र शूटिंगच्या आधी त्याच काट्यावर तपासा. संकलन करताना कळलं तर उपयोग नाही.

मळईवाला: आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, म्हणून लिहितो. गरम रवा कुणी वजनाला घेत नाही. काहिलीतला गूळ वाफ्यात (गार करायच्या उथळ हौदात) ओतायचा, घोटायचा, फडकं लावलेल्या साच्यात भरायचा, गार होऊन घट्ट झाला की मग काढायचा. म्हणजे काहिलीला उकळी आहे आणि शेजारीच वजन चाललंय, तर ते रवे आधीच्या आधणाचे, म्हणजे आधी शिजवलेल्या काहिलीचे. ते एका बाजूला रचलेले दाखव. अर्धा-पाऊण किलो इकडेतिकडे झालं तर कुणी मान वर करत नाही. चार किलो म्हटल्यावर मात्र कुणाचीही झोप उडेल. आकडा बरोबर धरलायस, पोरी.

आणि हे नीट ऐक. काहिलीजवळ अभिनय नको. उतरायला आलेला गूळ उकळत्या पाण्यापेक्षा बराच जास्त तापलेला असतो आणि अंगाला चिकटतो, झटकून निघत नाही. काहिलीचे शॉट ट्रायपॉड लांब ठेवून, काम चालू असताना, गुळव्याला (गूळ शिजवणाऱ्या कारागिराला) विचारून घ्या. पोरांनी चुलवाणाच्या तोंडापाशी जायचं नाही. हात गुळात वस्तू खुपसतात तो शॉट गरम गुळात करायचा विचारही करू नका. उसात शिरणार असाल तर बॅटरी आणि पायात बूट. गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, रात्री अनोळखी पोरं दिवे घेऊन फिरताना दिसली की फोन फिरतात. हे सगळं तुझ्या धोक्यांच्या नोंदीत जाईल.

चिपाड: काका, फार आभार. रचलेल्या रव्यांचं लगेच वहीत घेतलं. गुळाचा शॉट करायचाच झाला तर गार पाकात मैदा कालवून करू, काहिलीपासून लांब. तसा तो शॉट मला नकोच आहे.

तिसरी घंटा: मी नाटकवाली, कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, पण तुमच्या भांडणाबद्दल बोलते. दाखवायचं की लपवायचं असे दोनच रस्ते तुम्ही धरले आहेत. प्रेक्षकाला वस्तू दाखवू नका, पण रवा ओळखू द्या.

समजा पहिल्या शॉटमध्ये हमाल एका रव्याच्या फडक्याच्या घडीत उसाच्या पाचटाची एक काडी खोचतो. इतकंच. का, ते सांगायचं नाही. मग वजनं सुरू. आता प्रेक्षकाला आत काय आहे ते माहीत नाही, पण तो रवा रांगेत कुठे आहे ते माहीत आहे. पुढे तीन रवे आहेत, मग दोन, मग एक. टेबलाखालच्या बॉम्बची घालमेल मिळाली आणि गुपितही शाबूत राहिलं. शिवाय तिने तीस लिहिलं की सगळे डोळे तिच्यावर जातात, कारण काडीचा अर्थ तिला ठाऊक होता का हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उभा राहतो. ती घाबरली की सामील आहे, हे तुमच्या नटीला माहीत हवं. प्रेक्षकाला नको. तालमीत तिला दोन्ही करून बघायला सांगा आणि मग एक पक्कं करा. दोन्हींच्या मधलं काहीतरी केलं तर चेहरा कोरा दिसेल.

हमालाचं काम करणाऱ्याला ‘रोखून बघ’ असं सांगू नका. त्याला काम द्या, फडकं झटकणं, घाम पुसणं. ते काम मध्येच थांबलं की पुरे.

रात्रपाळी: काडीची कल्पना उत्तम. पण तिला आधी स्वतंत्र क्लोज-अप द्या आणि पुढे रांगेच्या प्रत्येक शॉटमध्ये ती त्याच बाजूला दिसली पाहिजे. सलगतेची जबाबदारी एकाच माणसाकडे सोपवा आणि प्रत्येक शॉटनंतर रव्यांचा फोटो काढून ठेवा.

नावांबद्दल: वजनं ठरावीक तालात होतात, रवा ठेवला, आकडा, लेखणी. पहिल्या तीन वजनांमध्ये लेखणी कागदाला टेकली की एकेक नाव येऊ द्या, फ्रेमच्या अंधाऱ्या भागात, लहान अक्षरांत. काडीच्या रव्याची पाळी आली की नावं बंद. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण काहीतरी बदललं हे जाणवेल. संगीत नकोच. चरकाची मोटार, चुलवाणाचा घोंघाट, रवा आपटल्याचा दणका हे सगळं वेगवेगळं मुद्रित करा. मोटार चालू असताना जवळचे बारीक आवाज मिळणार नाहीत. म्हणून वही, लेखणी आणि फडक्याचे आवाज नंतर बंद खोलीत घ्या. आणि सगळं थांबल्यावर त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करून आणा, संकलनात जोड लपवायला लागते. काटा चौतीसवर थांबतो तिथे मोटार बंद झाली तर? रात्री वीज जाणं कुणाला खोटं वाटणार नाही.

चिपाड: वीज गेली तर काट्याचे आकडेही जातील ना? इलेक्ट्रॉनिक काट्यात बॅटरी असते हे प्रेक्षकाला सुचणार नाही आणि तो तिथेच अडकेल.

मळईवाला: मग जुना दांडीचा काटा घे. खाली फळी, वर दांडी, तिच्यावर सरकतं वजन. तीसवर लावून ठेवलं की बरोबरीचा रवा आला की दांडी मध्ये तरंगते. जड आला की खाडकन वर जाऊन अडकते. आवाजही येतो. वीज लागत नाही.

तिसरी घंटा: हे फारच छान! मग तिला वजन चौतीसपर्यंत सरकवत न्यावं लागेल, एकतीस, बत्तीस, तेहेतीस. आकडा एकदम दिसण्याऐवजी हळूहळू कळत जाईल, तेही तिच्या बोटांमधून, आणि हमाल समोर उभा. मग तिने वजन परत तीसवर आणून ठेवायचं आणि लिहायचं. सगळं नाट्य त्या परत आणण्यात आहे.

प्रश्नावलीचं: आवडीनिवडी विचारू नका. स्टोरीबोर्डचे फोटो मोबाइलवर ओळीने लावून, त्यावर कच्चे आवाज टाकून दोन मिनिटांची फीत करा. गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या लोकांना दाखवा आणि एकच विचारा: आता तुमच्या मनात कोणता प्रश्न आहे? ‘रव्यात काय आहे’ म्हणणारे किती, ‘ती खोटं का बोलली’ म्हणणारे किती, आणि ‘काही कळलं नाही’ म्हणणारे किती, ते वेगवेगळं लिहा. काडी दिसली का, हे शेवटी विचारा, आधी नाही. यातून शॉटची लांबी ठरेल. प्रेक्षकवर्गाच्या पानावर सेन्सॉरची वर्गवारी लिहायची असेल तर २०२४च्या नियमांप्रमाणे यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. जुनं नुसतं यूए लिहू नका.

चिपाड: आज गटाला सगळं वाचून दाखवलं. काडीवर चौघांचं एकमत झालं, हात दाखवणारा शॉट गेला. फीत करून आधी शेजारच्या वर्गाला आणि मैत्रिणीच्या आजीला दाखवणार आहोत. आजींनी आयुष्यभर गुऱ्हाळ बघितलं आहे, त्यांना काय खटकतं ते मला ऐकायचं आहे. नटीशी बोलले. ती म्हणाली, मुलगी सामील नाही, पण काडी खोचणारा हात तिच्या ओळखीचा आहे. तेच ठरवलं. म्हणजे पहिल्या क्लोज-अपमध्ये हमालाच्या मनगटावर ओळखता येईल असं काहीतरी लागेल, त्याच्यावर अजून विचार चालू आहे.

मामांकडे इलेक्ट्रॉनिक काटाच आहे. कोल्हापूर, पन्हाळा किंवा शाहूवाडीकडे कुणाच्या वखारीत किंवा अडतीच्या दुकानात दांडीचा जुना काटा पडून असेल, चालू स्थितीत, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एका रात्रीपुरता हवा आहे. न्यायला-आणायला आम्ही टेम्पो घेऊन येऊ.